गेनू आबांचं एकशे अठरा

रक्त काढताना माणूस भिंतीकडे बघतो. एकतीस वर्षं मी लोणावळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधला, शीर शोधली, सुई घातली. एवढ्या काळात माझ्या हातून गेलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी बाजारात समोर आले तरी ओळखता येत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र सगळ्यांना पाठ असतं.

निवृत्त झाल्यावर या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या क्षेत्रातलं काहीतरी प्रेरणादायी’ लिहायला सांगितलं. रक्त, लघवी आणि थुंकी यांच्या सहवासात आयुष्य काढलेल्या बाईकडे प्रेरणा मागणारा माणूस मोठ्या मनाचा असला पाहिजे. पण माझ्याकडे प्रेरणा नाही. एका आकड्याची हकीगत आहे आणि तिच्यात माझी चूक आहे. स्वतःच्या शहाणपणाच्या गोष्टी अंकातले बाकीचे लेखक सांगतीलच.

आधी धंद्याविषयी थोडं. आमच्याकडे सगळ्यात जास्त खप लिपिड प्रोफाइलचा. म्हणजे रक्तातल्या चरबीचा हिशेब. याला बारा तास उपाशीपोटी यायचं असा त्या काळचा नियम. ‘उपाशी’ या शब्दाचे मावळात किती अर्थ होतात, त्यावर मी स्वतंत्र पुस्तक लिहू शकेन. एका गृहस्थांनी ‘फक्त पोहे’ खाल्ले होते. एका बाईंनी ‘उपास म्हणून’ साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. शनिवार-रविवार बंगल्यावर घालवून सोमवारी सकाळी परतीच्या वाटेवर तपासणीला येणारे मुंबईकर तर आमचे खास आवडते. रक्त थोडा वेळ ठेवून मशीनमध्ये फिरवलं की वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. या मंडळींचं सीरम दुधासारखं पांढरं निघायचं. त्या नळीकडे बघून रात्रीचा मेन्यू सांगता येत असे. तरी काउंटरवर येऊन ते विचारणार, “मशीन नक्की बरोबर आहे ना?”

मशीनवर संशय घ्यायची पाळी आमच्यावरही एकदाच आली, ती गेनू आबांमुळे.

गेनू आबा मळवलीकडचे. वय बासष्ट, अंगाने काटक, डोक्यावर टोपी, बंडीच्या खिशात तंबाखूची चंची. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता मुंबईकरांचे बंगले उभे आहेत आणि त्याच बंगल्यांच्या बागांना पाणी घालायच्या कामावर ते देखरेख करतात. त्याला विकास म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर तपासून घ्यायला सांगितलं होतं. मुलगा संतोष त्यांना घेऊन आला. काउंटरवर ‘संपूर्ण आरोग्य पॅकेज’चा रंगीत कागद दिसल्यावर नुसती साखर तपासणं त्याला कमीपणाचं वाटलं.

मी रबर बांधला, तर आबा भिंतीकडे न बघता माझ्याकडेच बघत बसले.

“तुमचं गाव कुटलं, ताई?”

“देहूरोड. पण आता इथलीच.”

“हात हलका हाय तुमचा. आमच्या गाईला सुई मारनारा डॉक्टर आसा पायजे व्हता.”

एकतीस वर्षांत मिळालेलं हे सर्वोत्तम प्रशस्तिपत्रक.

दुपारी मशीनने त्यांचं एचडीएल दाखवलं एकशे अठरा. बाहेरच्यांसाठी सांगते. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणी. मेण पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर ते प्रथिनाच्या वेष्टणात घालून पाठवतं. एलडीएल नावाच्या पुड्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसून साचतात, म्हणून ते ‘वाईट’. एचडीएलच्या पुड्या साचलेलं उचलून यकृताकडे नेतात, म्हणून ते ‘चांगलं’. पुरुषाचं एचडीएल चाळीसच्या वर गेलं की डॉक्टर मान डोलावतात. साठ दिसलं की मी स्वतः पेशंटचा चेहरा बघून यायचे. एकशे अठरा मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तोच नमुना पुन्हा लावला. एकशे सतरा. ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं एक सीरम आम्ही मशीनची परीक्षा घ्यायला ठेवतो, ते लावलं. मशीन पास झालं. मग करंदीकर सरांकडे गेले. करंदीकर सर म्हणजे आमच्या लॅबचे मालक, पॅथॉलॉजिस्ट, हुशार आणि तिरसट. सूक्ष्मदर्शकातून मान न काढता ते म्हणाले, “नळी बदलली असशील.”

“सर, नळी बदलली तरी एकशे अठरावाला दुसरा माणूस आणायचा कुठून?”

तेव्हा त्यांनी मान वर काढली.

दुसऱ्या दिवशी आबांना परत बोलावलं. सरांनी स्वतः समोर बसवून विचारलं, “आबा, घेता का?”

“काय?”

“दारू.”

“न्हाई बा.” मग संतोषकडे बघून, “एकादशीला तर आजाबात न्हाई.”

दारूनेही एचडीएल वर चढतं, म्हणून सरांनी महिनाभर बंद ठेवायला सांगितली आणि मग पुन्हा रक्त घेतलं. आबांनी खरंच बंद ठेवली की नाही, हे ते आणि त्यांचा देव जाणे. आकडा मात्र एकशे वीस. आता सरांना राहवेना. त्यांनी मुंबईत संशोधन करणाऱ्या एका मित्राकडे नमुना बर्फात घालून पाठवला. उत्तर यायला बरेच महिने लागले. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. हाही लॅबच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग.

“रक्तात एक प्रथिन असतं,” ते म्हणाले. “त्याचं काम एका पुडीतला माल दुसऱ्या पुडीत टाकणं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल काढून ते एलडीएलच्या जातीच्या पुड्यांमध्ये भरतं आणि त्यांच्यातली चरबी आणून एचडीएलमध्ये टाकतं. आपल्या आबांचं हे प्रथिन जन्मापासून जवळजवळ कामच करत नाही.”

“सरकारी खात्यातलं दिसतंय.”

“त्यामुळे एचडीएलमध्ये गेलेलं कोलेस्टेरॉल तिथेच बसून राहतं आणि आकडा फुगतो.”

“म्हणजे चांगलंच की, सर. वाईटाकडे जातच नाही.”

“असं सगळ्यांनाच वाटलं होतं.” सरांनी कप खाली ठेवला. “मोठमोठ्या कंपन्यांनी हेच प्रथिन बंद पाडणाऱ्या गोळ्या काढल्या. लोकांचं एचडीएल दणदणीत वाढलं. हार्ट अ‍ॅटॅक काही त्या मानाने कमी झाले नाहीत. एका गोळीने तर माणसं जास्त दगावायला लागली, ती थांबवावी लागली. अगं, पुड्या भरलेल्या दिसतात म्हणजे सफाई जोरात चाललीय असं नाही. कदाचित त्या रिकाम्याच होत नसतील. जन्मतः असा दोष असलेल्या काहींचं हृदय ठणठणीत असतं, काहींचं नसतं. आपल्या म्हाताऱ्याचं कसं, ते मला माहीत नाही. पण त्याचं वाईट कोलेस्टेरॉल एकशे बेचाळीस आहे, रक्तदाब आहे, तंबाखू आहे. ते मला दिसतंय. ते त्याला नीट सांगायचं.”

हे सगळं मी ऐकलं, समजून घेतलं आणि चहाही संपवला.

आबा रिपोर्ट न्यायला आले तेव्हा सर पुण्याला गेले होते. ‘सर आल्यावर या’ एवढंच म्हणायचं होतं मला. पण आबा खुर्चीत पुढे सरकून, हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं नळ्यांवर नंबर चिकटवणाऱ्या बाईकडून कोणीतरी पहिल्यांदा निदान ऐकायला बसलं होतं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मी म्हणाले, “आबा, तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल लाखात एक आहे. मुंबईपर्यंत गाजलंय. तुम्हाला हृदयाची काळजी नाही.”

मग घाईघाईने, “पण तंबाखू सोडा हं, आणि सरांना भेटा,” असंही म्हणाले. बसची वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाले असणार, कारण ते कोणाच्या कानात शिरलं नाही.

पुढचं सगळं मावळच्या रीतीप्रमाणे झालं. आबांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला. टोपी, गॉगल, मागे कार्ल्याचा डोंगर, आणि खाली ‘लाखात एक हृदय असणारे आमचे मार्गदर्शक’. शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो. गावातले लोक लॅबमध्ये येऊन “आबांवालं टेस्ट करा” म्हणू लागले. एका माजी सरपंचांचं एचडीएल चौतीस आलं, तर ते रुसले. “पुन्यात काडतो मी,” म्हणून गेले. पुण्यात तेहेतीस आलं.

मग वराळ्याच्या एका नव्या सोसायटीत आरोग्याचं व्याख्यान झालं. वक्ता ‘वेलनेस कोच’ होता. म्हणजे पूर्वी तो मोबाइलची सिमकार्डं विकायचा. त्याने पडद्यावर आबांचा रिपोर्ट दाखवला, नावासकट, आणि आबांना शेजारी खुर्चीवर बसवलं. एका कॅप्सूलमुळे हा चमत्कार झाला असं सांगून त्याने डबे विकले. आबांनी त्या कॅप्सूलचं तोंड त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. ही गोष्ट त्यांनीच मला हसत हसत सांगितली.

“आबा, त्याला रिपोर्ट दिला कोणी?”

“संतोषनं दिला. आता आपलं रगत काय आपलं ऱ्हायलंय व्हय? समाजाचं झालं.”

“आणि बीपीची गोळी घेताय ना?”

“ती कवाच सोडली. चांगलं येवढं हाय म्हनल्यावर वाईट काय करनार?”

मी त्या वेळी त्यांना खाली बसवून सगळं पुन्हा सांगायला हवं होतं. समोर आठ माणसं रांगेत होती आणि एक बाळ रडत होतं. मी म्हणाले, “गोळी सोडू नका,” आणि बाळाची शीर शोधायला लागले. सरांना सांगायचं ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत विसरले.

त्यानंतर काही महिन्यांनी, पावसाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास गेनू आबा एकटेच टमटममधून उतरून लॅबच्या पायऱ्या चढले. दोन पायऱ्यांवर थांबले. आत आले तेव्हा बंडी घामाने भिजलेली आणि चेहरा राखेच्या रंगाचा. बाहेर गारवा होता, माझ्या अंगात स्वेटर होता.

“ताई, रगत काडा.”

“काय होतंय आबा?”

“छातीत जळतंय. पित्त हाय. हात बी भरून आलाय, पान्याचा पाइप उचललता काल.” डावा हात त्यांनी उजव्या हाताने धरला होता. “संतोष म्हनला दवाखान्यात चला. म्या म्हनलं, आदी आकडा बगू. कमी झाला आसंल तर जाऊ.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. माणूस हार्ट अ‍ॅटॅक घेऊन माझ्याकडे एचडीएल तपासायला आला होता, कारण मीच त्याला तो आकडा दिला होता.

“आबा, रक्त काढायचं नाही. आडवे व्हा.”

“आवो, पर आकडा...”

“आकडा गेला खड्ड्यात! आडवे व्हा म्हणते ना!”

लॅबमध्ये ईसीजीचं जुनं मशीन होतं. पट्टी बाहेर यायला लागली आणि पहिल्या वीतभरातच मला कळलं. तंत्रज्ञाने ईसीजी वाचायचा नसतो असा नियम आहे. पण नियम मोडण्याचा मला आता अनुभव होता. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले, आबांना अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला लावली आणि तळेगावच्या हॉस्पिटलला फोन केला. अँब्युलन्स गावातलीच होती, लगेच आली. संतोषला फोन केला तर तो एका बंगल्यावर पाहुण्यांना किल्ल्या देत होता. म्हणून आबांबरोबर मी बसले.

लोणावळ्यात पावसाळ्यातला शनिवार म्हणजे काय, हे मी मावळवाल्यांना सांगायला नको. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात भजी खाण्यासाठी अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणं एकाच रस्त्यावर उभं असतं. आमचा सायरन ऐकून एका गाडीतल्या तरुणांनी तालावर नाच केला. एकाने काच खाली करून विचारलं, “टायगर पॉइंट किधर है?” ड्रायव्हरने त्याला जे सांगितलं ते अंकात छापता येणार नाही.

आबांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांचा हात बर्फ झाला होता.

“ताई, लाखात येक हाय ना मी?”

“आबा, बोलू नका.”

“मंग ह्ये कसं झालं?”

मी नाडी मोजत राहिले. बोटांखाली ती चुकत होती, पुन्हा सापडत होती, आणि मी मनातल्या मनात त्या प्रथिनाला, त्या कॅप्सूलवाल्याला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घालत होते. गाव सुटल्यावर रस्ता मोकळा झाला आणि ड्रायव्हरने गाडी अशी काढली की पुढचं मला आठवतच नाही.

आबा वाचले. एक वाहिनी पूर्ण बंद होती, दुसरी निम्मी. स्टेंट बसला. चार दिवसांनी मी भेटायला गेले. डब्यात मुगाचं वरण आणि मऊ भात नेला होता. अपराधी माणूस नेहमी डबा नेतो. करंदीकर सरांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ते ओरडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते ओरडले नाहीत. “मी पुण्याला जायच्या आधी रिपोर्टवर दोन ओळी लिहून ठेवायला हव्या होत्या,” एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खोलीत आबा एकटेच होते. मी सरळ सांगितलं, “आबा, सरांनी मला नीट समजावलं होतं. तुमचा आकडा चांगला की वाईट, हे कोणालाच माहीत नाही, असं सांगितलं होतं. मी तुम्हाला काळजी नाही म्हणाले. ती माझी चूक.”

आबांनी पांघरूण बाजूला सारलं.

“तुमी बोलला नसता, तरी मी मटन खाल्लंच आसतं,” ते म्हणाले. “तंबाकू बी खाल्ली आसती. फकस्त जरा भीत भीत खाल्ली आसती. तुमी बोललात, म्हून निवांत खाल्ली.”

मी डब्याचं झाकण काढलं. त्यांनी डब्याकडे हात केला. “वरनात मीठ हाय का, का त्ये बी बंद?”

तंबाखू सुटली. बीपीची आणि एलडीएलची गोळी सुरू झाली, ती ते अजून घेतात. चौकातला फ्लेक्स वाऱ्याने फाटला, त्याचं कापड कोणीतरी गोठ्याला लावलं. वेलनेस कोचने त्या गावाचा विषय बंद केला आणि आता तो गुडघ्यांवर व्याख्यानं देतो, असं ऐकते. आमच्या लॅबच्या रिपोर्टवर, आकडा फार वर गेला असेल तर, सर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहू लागले. त्या लोक वाचत नाहीत, पण आमच्या दोघांची झोप सुधारली.

असा दोष घराण्यात उतरतो. म्हणून सरांनी आबांच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना बोलावलं. संतोषचा आकडा साधा निघाला, तो थोडा हिरमुसला. शेवटी आल्या आबांच्या थोरल्या बहीण, हिराबाई. नवलाख उंबरे गावात दिलेल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ ताठ. नातू तिथल्याच कारखान्यात कामाला, तो मोटारसायकलवर घेऊन आला. त्यांचं एचडीएल आलं एकशे एकोणतीस. भावापेक्षा अकराने जास्त. ईसीजी स्वच्छ, वाईट कोलेस्टेरॉल बेताचं, छातीत कधी दुखलेलं नाही, आणि त्या अजून डोंगराच्या कडेच्या शेतावर चालत जातात.

सर कोणाचा तरी फोन घ्यायला आत गेले होते. हिराबाई माझ्यासमोर बसल्या. कागद उलटा धरून त्यांनी तो नीट पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

“भावाला जे हाय तेच मला हाय म्हनत्यात. त्याला झटका आला, मला काय बी न्हाई. मंग ह्ये चांगलं हाय का वाईट?”

या वेळी मी सर येईपर्यंत थांबू शकले असते. पण हे उत्तर मला सांगता येत होतं.

“मावशी, माहीत नाही.”

“तुमच्या साहेबाला?”

“त्यांनाही नाही. बीपी मात्र वर्षातून दोनदा तपासायचं, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर आकड्याची वाट न बघता दवाखान्यात जायचं. एवढं नक्की माहीत आहे.”

हिराबाईंनी दंडावरचा कापूस काढला, बघितला आणि टोपलीत टाकला.

“आगं बया,” त्या म्हणाल्या, “मग येवढं नळीभर रगत काडलंस कशाला?”